शिकार न करणारं मांजर

आमच्या घरी चार माणसं जमली की मांजराची गोष्ट निघतेच. नातवंडांपैकी कुणीतरी ती सांगतं आणि बाकीचे हसतात. आजीचा महानुभाव धर्म इतका कडक की तिनं मांजरालाही भाकरीवर ठेवलं, आणि शेवटी ते आंधळं होऊन मेलं, अशी ती गोष्ट. सांगणारा डोळे मिटून, हात पुढे करून, भिंतीला धडकत चालून दाखवतो. या पोरांची आई, म्हणजे माझी मुलगी, तेवढ्यात उठून आत जाते. तिला त्यात गंमत वाटत नाही. मांजर तिचं होतं. ते आपल्या आईनं मारलं, असं ती लहानपणापासून धरून चालली होती, आणि आईशी ती आयुष्यभर तशीच वागली.

माझी बायको होती तेव्हा ही गोष्ट तिच्यासमोरही सांगितली जायची. ती भाजी निवडत ऐकून घ्यायची. मीही ऐकायचो. गोष्ट खरी नव्हती. खरं काय ते मला एकट्याला माहीत होतं. नातवंडांना तोंडानं सांगणं मला जमेल असं वाटत नाही, म्हणून लिहितो आहे.

तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांतात होता. मी अमरावतीला एका हायस्कुलात भूमिती शिकवत असे. अंबागेटच्या आत भाड्याचं घर होतं, मागे छोटं अंगण आणि अंगणाच्या कडेला कोठा. कोठ्यात गाय नव्हती, आम्ही तिथं लाकडं आणि गोवऱ्या ठेवायचो. माझं घराणं अकोल्याकडचं, शेतीचं, मटण खाणारं. बायकोचं माहेर अंजनगाव सुर्जीजवळ, काळ्या जमिनीचं, तीन पिढ्यांपासून महानुभाव. लग्न ठरताना सासऱ्यांनी मला एकच गोष्ट विचारली, की आमची पोर ज्या घरात जाईल तिथं मांस शिजेल का. मी म्हटलं, शिजणार नाही, आणि मीही बाहेर खाणार नाही. तो शब्द मी पाळला. पण लोकांना तो पाळला जातो आहे हे पटत नसे. आमचे ड्रॉइंग मास्तर शिक्षकांच्या खोलीत मला बघून हमखास म्हणायचे, "घरी दंडवत, अन् बाहेर रस्सा! काहून मास्तर, खरं ना?" सगळे हसायचे. मी हसण्यावारी न्यायचो, पण सासऱ्यांच्या गावचे लोक कोर्टकचेरीच्या कामानं अमरावतीला आले की आमच्याकडेच उतरत, आणि असलं बोलणं त्यांच्या कानावर जाईल याची मला सतत धास्ती असे.

मुलगी आठव्या वर्षात होती तेव्हा तिला मुदतीचा ताप आला. ताप गेला, पण पोर बाजेवरून उठेना. डोक्यावरचे केस गेले होते. पाय काडीसारखे झाले होते. शाळा बंद, मैत्रिणी येईनात, कारण त्यांच्या आया पाठवत नव्हत्या. दिवसभर ती छताकडे बघत पडून राहायची. एक दिवस ती म्हणाली, "बाबा, मले मांजर पायजे. पायाशी बसणारं."

मी ते स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं.

"मांजर?" बायको म्हणाली. "मांजर का भाकर खाते? उंदीर मारीन, चिमण्या मारीन. मी इथं पाणी गाळून पेतो, अन् तुमी घरात मारेकरी आणता?"

"पोरीला हवं आहे."

ती पीठ मळत राहिली. मग म्हणाली, "न मारणारं भेटलं तं आणा."

अशी आमची मांजरशोधाची सुरुवात झाली. तिघांच्या तीन अटी होत्या. बायकोला न मारणारं पाहिजे होतं. मुलीला न पळणारं. आणि मला आखूड केसांचं, कारण वैद्यांनी पोरीची छाती अजून नाजूक आहे असं सांगितलं होतं, आणि वऱ्हाडच्या उन्हाळ्यात लांब केसांचं जनावर घरात ठेवणं म्हणजे त्याचा छळ आणि आपलाही. हे तिन्ही गुण एका मांजरात मिळावेत अशी आमची अपेक्षा होती. आता लिहिताना ती मलाच चमत्कारिक वाटते. तेव्हा वाटत नव्हती.

पहिलं मांजर बायकोच्या भावानं आणलं. तो छोट्या रुळांच्या आगगाडीनं टोपलीत घालून, वर फडकं बांधून घेऊन आला.

"घ्या जवाईबापू," तो म्हणाला. "वावरातली हाय. दोन वर्षांत कोठीत उंदीर ठेवला नाई तिनं. साप बी मारते."

बायकोनं कपाळावर हात मारला. "दादा, तू महानुभावाच्या घरचा ना रे?"

"मी कुठं मारतो? ते मारते."

"अन् तिले पोसते कोन?"

"कोनी नाई. ते आपली आपली पोसते, म्हणून तं मारते!"

मुलगी बाजेवर पडल्या पडल्या हसली. आजारानंतर ती पहिल्यांदाच हसली होती, म्हणून आम्ही दोघंही थांबलो. तेवढ्यात फडकं सुटलं आणि मांजर टोपलीतून जे निघालं ते माळ्यावर गेलं. मामानं संध्याकाळपर्यंत शिडीवर उभं राहून त्याची मनधरणी केली आणि ओरखडलेल्या हातांनी ते परत नेलं.

दुसरं मांजर बघायला मी अकोल्याला गेलो. तिथं एका अत्तराच्या व्यापाऱ्याकडे हैदराबादहून आलेली इराणी मांजरं होती. फार देखणी. पांढरीशुभ्र, सशासारखी मऊ, आणि वाळ्याच्या ओल्या पडद्याखाली पसरलेली. मी बसलो, सरबत आलं, आणि सरबतात एक लांब पांढरा केस होता.

व्यापारी म्हणाले, "मास्टरसाब, इसको रोज कंघी करनी पड़ती है. हमारी अम्मी अपनी चोटी बाद में करती हैं, इसकी पहले."

आतून त्यांच्या आई म्हणाल्या, "और यह कमबख्त एहसान भी नहीं मानती."

मी आभार मानून परत आलो.

तिसरं आमच्या शाळेच्या शिपायानं सुचवलं. कॅम्पात एक इंग्रज इंजिनियर निवृत्त होऊन विलायतेला निघाला होता आणि त्याच्या बंगल्यातलं सामान, कुंड्या, कोंबड्या, मांजरं असं सगळं निकालात निघत होतं. मी मुलीला टांग्यात घालून घेऊन गेलो. ती आजारानंतर पहिल्यांदाच घराबाहेर पडली होती. डोक्याला रुमाल बांधला होता. बंगल्याच्या पायऱ्यांवर तिला बसवलं आणि मी खानसाम्याशी बोलू लागलो.

तेवढ्यात एक मांजर व्हरांड्यातून आलं. राखी रंगाचं, गोल तोंडाचं, जाड गालांचं, केस मखमलीसारखे आखूड आणि दाट. त्यानं मुलीकडे बघितलं, एक जांभई दिली आणि तिच्या पावलांवर जाऊन बसलं. तिनं पाय हलवला तरी ते उठलं नाही.

मी त्याची परीक्षा घेतली. शेपटी हलकेच ओढली, त्यानं मान वळवून पाहिलं आणि पुन्हा डोळे मिटले. दोरी नाचवली, त्यानं पंजाही उचलला नाही. उचलून खांद्यावर टाकलं तर पोत्यासारखं पडून राहिलं. समोर व्हरांड्यात एक चिमणी दाणे टिपत होती. मांजरानं तिच्याकडे बघितलं आणि हनुवटी पंजांवर टेकली. मला हवं होतं ते दिसलं.

"शिकार?" मी विचारलं.

"शिकार!" खानसामा हसला. "साहब, चूहा इसकी मूँछ पर बैठ जाए तो भी नहीं उठेगी. सुबह कीमा दे दो, फिर दिन भर आवाज नहीं आएगी."

त्याचं पहिलं वाक्य मी घरी जसंच्या तसं सांगितलं. दुसरं सांगितलं नाही.

"खाते काय?" बायकोनं विचारलं.

"दूधभात."

"साहेबाच्या घरी दूधभात?"

"विलायती जात आहे. त्यातली मांजरं तशीच असतात."

ती माझ्याकडे बघत होती. मुलगी बाजेवर बसली होती आणि मांजर तिच्या मांडीवर झोपलं होतं. बायकोनं पुढे काही विचारलं नाही.

पहिले काही दिवस मांजर दूध प्यायचं आणि भाकरीचा वास घेऊन तोंड फिरवायचं. वाटीपाशी बसून ते हळू आवाजात ओरडायचं. बायको भाकर कुस्करून तूप घालायची, कधी वरणाचं पाणी घालायची, आणि त्याच्यासमोर बसून म्हणायची, "खा वं बाई, तुया साहेब गेला आता." शेवटी ते खाऊ लागलं.

मुलगी सुधारली. मांजर उठून दाराशी गेलं की तीही बाज धरून उठायची. ते ऊन बदललं की जागा बदलायचं, आणि त्याच्यामागे तीही घरभर फिरायची. पावसाळा संपेपर्यंत ती चांगली चालू लागली आणि दिवाळीनंतर शाळेत जाऊ लागली. मांजर कुणाला बोचकारत नसे, ओट्यावर चढत नसे, रॉकेलच्या दिव्यापाशी जात नसे. आमच्या घराला असंच मांजर पाहिजे होतं. बायकोलाही ते आवडू लागलं. चुलीपाशी ते बसलेलं असलं की ती त्याच्याशी बोलायची. तिचे माहेरचे लोक यायचे त्यांना ती कौतुकानं दाखवायची, की हे बघा, भाकर खाते, मारत नाही. मग ते लोक आणखी लोकांना सांगायचे. अमरावतीत मास्तरांच्या घरी एक अहिंसक मांजर आहे, असं पसरलं. माणसं बघायला येऊ लागली. मी त्यांना मांजराची जात समजावून सांगायचो. कॅम्पात एकदा बघितलेल्या मांजरावरून मी त्या जातीचा जाणकार झालो होतो.

एकदा फक्त अंगणात घरट्यातून पडलेलं चिमणीचं पिल्लू त्यानं खाल्लं. चिमणीची पिसं बघून बायको त्या दिवशी जेवली नाही. मुलीला ते लागलं. त्यानंतर ती मांजराला अंगणात जाऊ देईना. शाळेत जाताना मागचं दार लावून घ्यायची आणि मला बजावून जायची, "बाबा, दार उघडू नका. नाई तं माय उपाशी राहीन." मांजराला ज्यातून काही मिळालं असतं ती एक वाट होती, ती अशी बंद झाली. यात पोरीचा दोष नाही. तिला आईची काळजी होती.

दुसऱ्या वर्षी मांजराची चमक गेली. केस कोरडे झाले. ते कमी चालायचं. उडी मारताना बाजेच्या कडेवर आपटायचं. मुलगी म्हणाली, "बाबा, माऊले दिसत नाई." मी मांजराच्या डोळ्यांसमोर बोट फिरवलं. बाहुल्या मोठ्या, काळ्या, आणि बोटाच्या मागे येत नव्हत्या.

मी मांजराला गुरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर बैलाच्या खुरात अडकलेला खिळा काढत होते. हात धुऊन आले, मांजराचा जबडा उघडून बघितला आणि विचारलं, काय देता. मी सांगितलं.

"मांजर आहे की शेळी?" ते म्हणाले. "मांस द्या. कच्चं द्या, शिजवून द्या, कसंही द्या. रोज द्या."

घरी येताना मी ठरवलं की बायकोला सगळं सांगायचं. ते मी प्रामाणिकपणानं ठरवलं नव्हतं. ती नाही म्हणेल याची मला खात्री होती. तिनं नाही म्हटलं की मग माझ्याकडे काही दोष राहत नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं, मी सांगितलं, तिनं नाही म्हटलं.

तिनं ऐकून घेतलं आणि नाही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी ती रिद्धपूरला, महानुभावांच्या स्थानाला गेली. मी तिला पोचवायला गेलो आणि नेहमीसारखा बाहेर झाडाखाली बसून राहिलो. ती फार वेळानं बाहेर आली. घरी आल्यावर, मुलगी शेजारी खेळायला गेली होती तेव्हा, ती म्हणाली, "एक म्हाताऱ्या तपस्विनी हायेत तिथं. त्यायले विचारलं. त्या म्हणे, बाई, तू मारू नको. पण वाघाले गवत घालून त्याले धर्म शिकवणं, हे बी मारणंच हाय."

मी टोपी काढून खुंटीला अडकवली.

"तुमी आणा," ती म्हणाली. "घरात नको. मागं कोठ्यात देत जा. मले दाखवू नका. पोरीले सांगू नका, तिच्या तोंडात काही राहत नाई, दादाच्या कानावर जाईन. अन् त्याचं जे पाप लागीन ते माया माथी. तुमी नका घेऊ."

मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी इतवारा बाजारात गेलो. खाटकांच्या दुकानांच्या गल्लीत मी कित्येक वर्षांत पाय ठेवला नव्हता. पहिल्या दुकानाशी थांबलो आणि तोंड उघडणार तोच मागून खांद्यावर हात पडला. आमचे ड्रॉइंग मास्तर.

"अरे बाप्पा! सापडले! शेवटी सापडले!"

"मांजरासाठी आलो होतो," मी म्हटलं.

"मांजरासाठी!" ते इतक्या जोरात म्हणाले की पलीकडच्या दुकानातली माणसं वळून बघू लागली. "ते अहिंसक मांजर? अहो, माया घरी बी एक असंच मांजर हाय. धोतर नेसते, अन् रविवारी दोन वाट्या रस्सा पेते!"

खाटीकही हसू लागला. "मास्तर, मांजरासाठी पाव शेर देऊ का अर्धा? मांजर मोठं असन तं सांगा."

मी म्हटलं, मी लिंबं घ्यायला आलो होतो, वाट चुकलो. आणि खरोखरच कोपऱ्यावरून लिंबं घेऊन घरी गेलो.

बायको चुलीपाशी होती. माझ्या हातात पिशवी बघून तिनं तोंड भिंतीकडे केलं. मी मांजराला उचललं, दुधात कालवलेल्या भाकरीची वाटी पंच्याखाली धरली आणि कोठ्यात जाऊन दार लावलं. मांजरानं थोडं खाल्लं. मी बाहेर आलो.

"झालं?" तिनं भिंतीकडे बघतच विचारलं.

"झालं."

त्यानंतर रोज असंच झालं. संध्याकाळी मी पिशवी घेऊन यायचो. कधी तिच्यात वह्या असायच्या, कधी काहीच नसायचं. ती तोंड फिरवायची. मी कोठ्यात जायचो. "झालं?" "झालं."

मला दुसऱ्या दिवशी पुन्हा जाता आलं असतं. बडनेऱ्याला जाता आलं असतं, तिथं मला कुणी ओळखत नव्हतं. शिपायाला पाठवता आलं असतं. मी यातलं काही केलं नाही. का केलं नाही याचा विचार मी पुढे बराच केला. लोकांची भीती पहिल्या आठवड्यापुरती होती. नंतर तीही राहिली नाही. एकदा झालं म्हटल्यावर ते झाल्यासारखंच वाटू लागलं. कोठ्यात मी लाकडांवर बसायचो, मांजर वाटीतलं चाटायचं, आणि मला काही वाटायचं नाही. पावसाळ्यात लाकडांना बुरशी यायची, तिचा वास मात्र आठवतो.

मांजर पुरतं आंधळं झालं. मुलगी त्याला उचलून वाटीपाशी ठेवायची. पुढे ते दोन पावलं चालून बसायचं आणि धापा टाकायचं. चैत्रात एका दुपारी, मुलगी शाळेतून येण्याआधी, ते स्वयंपाकघराच्या गार फरशीवर मेलं.

मुलीनं दप्तर टाकलं आणि बघितलं. ती रडली नाही. आईकडे वळून म्हणाली, "तूच मारलं. तुया धर्मानं मारलं माया माऊले."

बायकोनं माझ्याकडे बघितलं. तिला पोरीला सांगता येत नव्हतं, कारण गुपित ठेवायचं तिनंच सांगितलं होतं. मी सांगावं अशी ती वाट बघत होती. मी एवढंच म्हटलं असतं की तुझ्या आईनं परवानगी दिली होती, तरी पुरलं असतं. मी कुदळ शोधायला मागे गेलो.

मांजर पुरून आल्यावर, पोर शेजारी निघून गेली होती तेव्हा, बायकोनं विचारलं, "तुमी देत होते ना?"

"देत होतो."

"रोज?"

"रोज."

"मंग मेली काहून?"

"उशीर झाला असेल," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. थोड्या वेळानं म्हणाली, "एवढे जीव मायापायी गेले, अन् तिचा बी राहिला नाई." त्या दिवसापासून तिनं दूध, दही, तूप सोडलं. कुणाला कारण सांगितलं नाही. ते तिचं प्रायश्चित्त होतं. तिच्यापायी एकही जीव गेला नव्हता हे मला माहीत होतं. मी तिच्या ताटात चाळीसेक वर्षं नुसती कोरडी भाकर बघितली, आणि शेजारी बसून दहीभात खाल्ला.

मुलगी आईशी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. ती नीट वागायची, विचारलं तेवढं बोलायची. लग्न होऊन अकोल्याला जठारपेठेत गेली. बाळंतपणाला माहेरी आली नाही, सासूकडे राहिली. मला पत्रं लिहायची, त्यात शेवटी "आईस नमस्कार" असायचं. बायको शेवटच्या दुखण्यात पडली तेव्हा मुलगी आली, औषधपाणी सगळं केलं, आणि रात्री निजायला शेजारच्या खोलीत जायची. बायकोनं एकदाच मला म्हटलं, "पोरगी लई चांगली हाय. पण माया जवळ बसत नाई." तेव्हाही मी सांगितलं नाही. त्यानंतर ती थोडेच दिवस होती.

नातीचं लग्न एका जनावरांच्या डॉक्टरशी झालं. गेल्या वर्षी घरी सगळे जमले असताना मांजराची गोष्ट निघाली, आणि तो पोरगा हसता हसता म्हणाला, "आजोबा, ते खरंच असतं. मांसात एक पदार्थ असतो, तो नसला की मांजराचे डोळे जातात, मग हृदय जातं. रोज थोडं जरी मिळालं असतं, तरी जगलं असतं." सगळ्यांनी आजीच्या नावानं पुन्हा एकदा मान हलवली. तोवर मी स्वतःला सांगत आलो होतो की ते मांजर कसंही गेलंच असतं. आता तेवढंही राहिलं नाही.

उन्हाळ्यात मी जठारपेठेत मुलीकडे गेलो. आठवडाभर राहायचं ठरलं होतं. दुपारी घरात आम्ही दोघंच होतो. ती कैऱ्या चिरत होती. मी सगळं सांगितलं, वर लिहिलं आहे त्याच क्रमानं, खानसाम्यापासून लिंबांपर्यंत आणि लिंबांपासून तिच्या आईनं सोडलेल्या दुधापर्यंत. ती चिरायची थांबली नाही. मध्येच एकदा विचारलं, "म्हणजे मायनं हो म्हटलं होतं?"

"तिनंच सांगितलं होतं."

"अन् मी बोललो तिले, तेव्हा तुमी तिथंच होते."

"तिथंच होतो."

तिनं उरलेल्या कैऱ्या चिरून संपवल्या. मला वाटलं ती रागावेल. मला ते हवं होतं असंही असेल. ती म्हणाली, "माय पाय दाबून घेत नव्हती माया हातानं. शेवटी शेवटी पाय लई दुखत तिचे. राहू दे, म्हणे, तुले तरास होते. मले वाटे, तिले माया हात नको." मग तिनं हात धुतले आणि विचारलं, "तुमची अमरावतीची गाडी किती वाजता हाय?"

मी त्याच संध्याकाळी परत आलो. तिनं डबा दिला होता.

दोन महिन्यांनी नातवाकडून कळलं की ती रिद्धपूरला निघाली आहे. ती तिकडे कधीच गेली नव्हती. अकोल्याहून यायचं तर अमरावतीला गाडी बदलावी लागते, म्हणून मी स्टँडवर गेलो. ती एकटीच होती, कापडी पिशवी घेऊन. मला बघून तिला नवल वाटलं नाही. रिद्धपूरची गाडी लागलेली होती. ती खिडकीशी बसली आणि मी खाली उभा राहिलो.

"मी येऊ का सोबत?" मी विचारलं.

"नको."

कंडक्टर अजून चहा पीत होता. थोड्या वेळानं ती म्हणाली, "बाबा, तिथं मायले ओळखणारं कोनी असन का अजून? तिचं नाव सांगितलं तं समजन कोनाले?"

मी म्हटलं, मला माहीत नाही. मी नेहमी बाहेरच बसायचो.

"कुठं बसत होते?"

"झाडाखाली. बाहेर."

तिनं मान हलवली. कंडक्टरनं घंटी दिली. ती समोर बघू लागली आणि गाडी वळून गेली. मी थोडा वेळ तिथंच उभा राहिलो, मग दुसरी गाडी त्या जागेवर लागली तेव्हा बाजूला झालो आणि घरी आलो.